क्रीम का फुटतं, फेसवॉश पातळ का राहतो आणि ट्वीन ८० कुठलं घ्यावं

प्रश्न असा आला आहे: रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. स्टिअरिक ॲसिडचं व्हॅनिशिंग क्रीम इतके दिवस नीट जात होतं. यंदा मे महिन्यात त्याला पाणी सुटलं आणि काही बॅचमध्ये दाणे आले. कृती तीच आहे. फक्त स्टिअरिक ॲसिड नव्या व्यापाऱ्याकडून घेतलं आणि कोरफडीचा अर्क घालायला लागलो. ग्राहक सल्फेट नसलेला फेसवॉश मागतात, तो केला तर पाण्यासारखा पातळ होतो. माझा भाचा महाप्याला औषध कंपनीत आहे. तो म्हणतो, ट्वीन ८० इंजेक्शनातही असतं. मग आम्हीही फार्मा ग्रेडच घ्यावं का?

उत्तर: तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच लिहिते. मी आधी सौंदर्यप्रसाधनांत आणि नंतर औषधांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम केलं, तेही याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात. दोन्हीकडे सर्वांत जास्त त्रास एकाच गोष्टीने होताना पाहिला: ड्रमवर एक नाव असतं आणि आत डझनभर रेणूंचं मिश्रण असतं. फॅटी ॲसिडपासून बनलेला बहुतेक सगळा माल असाच असतो. मूळ तेलच मिश्रण आहे. खोबरेल तेलात बारा कार्बनांचं लॉरिक ॲसिड निम्म्याच्या आसपास असतं, बाकीचं आठ कार्बनांपासून अठरापर्यंत पसरलेलं. पामतेलाचा पसारा वेगळा, एरंडेलाचा त्याहून वेगळा. फॅटी ॲसिडची कार्बनांची लांब साखळी म्हणजे शेपटी. तिच्या टोकाला पोटॅश जोडलं की साबण होतो, ग्लिसरीन जोडलं की जीएमएस (ग्लिसरिल मोनोस्टिअरेट), सॉर्बिटॉल जोडलं की स्पॅन, स्पॅनवर इथिलीन ऑक्साइड चढवलं की ट्वीन आणि अमिनो ॲसिड जोडलं की ग्लुटामेट. हे जोडलेलं डोकं बदललं तरी शेपटीचं मिश्रण मागे राहतंच.

आधी क्रीम. बाजारात 'ट्रिपल प्रेस स्टिअरिक ॲसिड' म्हणून जे मिळतं त्यात पामिटिक आणि स्टिअरिक साधारण निम्मं-निम्मं असतं, बहुधा पामिटिकच थोडं जास्त. या प्रमाणात दोन्ही एकत्र गोठतात तेव्हा स्फटिक बारीक राहतात. व्हॅनिशिंग क्रीमची ती मोत्यासारखी झाक आणि मऊपणा याच बारीक स्फटिकांमुळे येतो. तुमच्या नव्या व्यापाऱ्याने कदाचित जास्त शुद्ध, म्हणजे ९० टक्क्यांच्या वरचं स्टिअरिक दिलं असेल. ऐकायला ते चांगलं वाटतं, पण या क्रीममध्ये त्याचे स्फटिक मोठे वाढतात आणि बोटाला दाणे लागतात. किंवा उलट, रबर ग्रेड दिलं असेल. त्यात ओलेइकसारखी असंपृक्त ॲसिड जास्त राहिलेली असतात, माल पिवळट पडतो आणि काही महिन्यांत वास धरतो.

यातलं कुठलं झालं हे ओळखायला व्यापाऱ्याकडून त्या लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा आणि त्यात दोन आकडे पाहा. ॲसिड व्हॅल्यू म्हणजे एक ग्रॅम ॲसिड उदासीन करायला लागणारे कॉस्टिक पोटॅशचे मिलिग्रॅम. शुद्ध स्टिअरिकची ती १९७ च्या आसपास असते, शुद्ध पामिटिकची २१९. म्हणजे निम्मं-निम्मं मिश्रण २०८ च्या जवळपास येईल. तुमच्या लॉटवर १९८ लिहिलं असेल तर तो वेगळा माल आहे. पण एवढ्यावर थांबू नका, कारण ओलेइकचीही ॲसिड व्हॅल्यू १९९ च्या आसपास आहे. स्टिअरिक आणि ओलेइक या आकड्यावरून वेगळी काढता येत नाहीत. तिथे आयोडीन व्हॅल्यू, म्हणजे असंपृक्तपणाचं माप, लागते. चांगल्या ट्रिपल प्रेस मालात ती १ च्या आत असते, शुद्ध ओलेइकची ९० च्या घरात. मस्जिद बंदरहून सुटा, पोती बदलून भरलेला माल येत असेल तर प्रमाणपत्रावरचा लॉट नंबर आणि पोत्यावरचा नंबर जुळतो का, हेही बघा.

आता पोटॅशचं गणित, कारण बहुतेक छोट्या युनिटमध्ये ते 'इतके ग्रॅम' असं वहीत लिहिलेलं असतं आणि पुढची कित्येक वर्षं तेच चालतं. समजा १०० किलोची बॅच, १८ किलो स्टिअरिक, ॲसिड व्हॅल्यू २०८. सगळं ॲसिड उदासीन करायला १८ गुणिले २०८, म्हणजे ३,७४४ ग्रॅम शुद्ध कॉस्टिक पोटॅश लागेल. व्हॅनिशिंग क्रीममध्ये आपल्याला सगळ्याचा साबण करायचा नसतो. पाचवा हिस्सा साबण व्हावा आणि तो उरलेल्या मोकळ्या ॲसिडला पाण्यात धरून ठेवावा, एवढंच हवं. २० टक्के धरले तर ७४९ ग्रॅम. फ्लेक्स ८५ टक्के शुद्धतेचे असतील तर ८८१ ग्रॅम तोलायचे. हेच फ्लेक्स पावसाळाभर सैल झाकणाच्या पिंपात राहिले, हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून ७८ टक्क्यांवर आले, तर त्याच ८८१ ग्रॅमने फक्त १८ टक्के ॲसिडचा साबण होतो. म्हणजे तेल-पाणी एकत्र धरणारा इमल्सिफायरच कमी पडतो. शिवाय पोटॅशचं जे कार्बोनेट झालेलं असतं ते गरम ॲसिडला भेटलं की गॅस सोडतं आणि क्रीममध्ये बारीक बुडबुडे अडकतात. म्हणून पोटॅश लहान पॅकमध्ये घ्या, आणि प्रत्येक नव्या पिंपाची शुद्धता टायट्रेशनने स्वतः काढा. साधा ब्युरेट, प्रमाणित आम्ल आणि फिनॉल्फथॅलिन एवढ्यावर ते होतं.

पाण्याचं काय? आपल्या टीटीसी (ठाणे-बेलापूर) पट्ट्यात एमआयडीसीचं पाणी बारवी धरणाचं, ते तसं मऊच. पण मे महिन्यात कपात झाली की टँकर येतो, आणि टँकरवाल्याने ते कुठल्या बोअरवर भरलं हे कोणी सांगत नाही. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम तुमच्या साबणाला, म्हणजे पोटॅशियम स्टिअरेटला, गाठतं आणि त्याचं न विरघळणारं कॅल्शियम स्टिअरेट करून टाकतं. इमल्सिफायर जातो तो जातोच, वर पांढरे कण दिसतात. तुमचा बिघाड नेमका मे महिन्यात झाला, म्हणून मला स्टिअरिकइतकाच संशय पाण्याचा आहे. पाण्यातले क्षार काढणाऱ्या डीएम प्लांटची रेझिन शेवटची केव्हा रिजनरेट केली ते पाहा, पाण्याची कंडक्टिव्हिटी रोज लिहून ठेवा आणि कृतीत ०.१ टक्का डायसोडियम ईडीटीए घाला, ते कॅल्शियम पकडून ठेवतं.

तिसरा संशयित तुम्ही स्वतःच सांगितला आहे, कोरफडीचा अर्क. तो आंबट असतो, बऱ्याचदा पीएच ४ च्या आसपास, आणि त्यात क्षार भरपूर. साबणावर उभं असलेलं इमल्शन आम्लाला टिकत नाही. पोटॅशियम स्टिअरेटचं पुन्हा स्टिअरिक ॲसिड होतं आणि तेल-पाणी सुटं होतं. व्हिटॅमिन सी, लॅक्टिक, सॅलिसिलिक, लिंबाचा रस, सगळ्यांची हीच गत. तुम्हाला कोरफड हवीच असेल तर साबणाचा पाया सोडून नॉनआयॉनिक, म्हणजे विद्युतभार नसलेल्या, इमल्सिफायरवर या. ग्लिसरिल स्टिअरेट आणि पीईजी-१०० स्टिअरेटचं तयार मिश्रण मिळतं. ४ ते ५ टक्के ते, सोबत २ ते ३ टक्के सीटोस्टिअरिल अल्कोहोल. आम्लाचा त्याला विशेष त्रास नाही. जीएमएस वेगळं विकत घेणार असाल तर विचारून घ्या: साधं जीएमएस म्हणजे त्यात मोनो ४० ते ५० टक्केच, बाकी डाय आणि ट्राय. डिस्टिल्ड असेल तर मोनो ९० च्या वर. 'एसई' लिहिलेलं असेल तर त्यात थोडा साबण मुद्दाम घातलेला असतो, म्हणजे कोरफडीपुढे पुन्हा तीच अडचण.

बॅच घेताना तेलाचा आणि पाण्याचा भाग दोन्ही ७० ते ७५ अंशांवर आणून मग एकत्र करा. होमोजिनायझर सुरुवातीलाच, गरम असताना चालवा. ४५ अंशांच्या खाली आल्यावर फक्त सावकाश ढवळणं. गोठत आलेलं स्फटिकांचं जाळं जोरात फिरवून मोडलं की ते पुन्हा तसं बसत नाही, आणि असं क्रीम डबीत दोन आठवडे छान दिसून मग पाणी सोडतं.

स्पॅन आणि ट्वीनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण भाच्याचा प्रश्न तिकडेच नेतो. कुठल्या तेलाला कुठला इमल्सिफायर, हे ठरवायची एचएलबी पद्धत (इमल्सिफायरचा ओढा तेलाकडे की पाण्याकडे, याचा आकडा) ॲटलस पावडर कंपनीतल्या विल्यम ग्रिफिन यांनी १९४९ साली मांडली. स्पॅन ६० चा आकडा ४.७, ट्वीन ६० चा १४.९. तुमच्या तेलाला १० लागत असेल तर सुमारे ५२ भाग ट्वीन आणि ४८ भाग स्पॅन. एकूण ५ टक्के इमल्सिफायर घालायचा तर २.६ आणि २.४ टक्के. सुरुवात करायला ही पद्धत मला आजही आवडते, पण ती तापमान मोजत नाही. इथिलीन ऑक्साइडवाले सर्फॅक्टंट (डोकं पाण्याकडे, शेपटी तेलाकडे असे रेणू) तापले की त्यांची पाण्याशी जवळीक कमी होते. टेम्पोच्या हौद्यात, उन्हात, घोडबंदर रोडवर अडकलेल्या मालाला प्रयोगशाळेतल्या २५ अंशांचा उपयोग नसतो. म्हणून एचएलबीवरून दोन-तीन प्रमाणं काढा आणि निर्णय ओव्हनवर सोडा, म्हणजे नमुने गरम ठेवून कुठला टिकतो ते पाहा.

ट्वीन वापरताना आणखी एक गोष्ट फार लोक विसरतात. त्याचे मायसेल, म्हणजे रेणूंचे बारीक पुंजके, पॅराबेनसारखे प्रिझर्वेटिव्ह पोटात घेतात. कागदावर ०.२ टक्के मिथिलपॅराबेन असतं, पण जंतूंपर्यंत पोचणारं मोकळं प्रमाण त्याहून बरंच कमी. कोकणच्या दमट हवेत, ग्राहक बोट घालून वापरतो अशा डबीत, हा फरक बुरशीच्या रूपाने दिसतो. इमल्सिफायर बदलला की प्रिझर्वेटिव्हची चॅलेंज टेस्ट (मुद्दाम जंतू घालून केलेली चाचणी) नव्याने करायलाच हवी. हा खर्च वाचवू नका. कोंडा असलेल्यांसाठी काही बनवत असाल तर हेही लक्षात ठेवा की मॅलासेझिया ही बुरशी फॅटी ॲसिडवरच जगते, आणि ट्वीनसारख्या एस्टरमधूनही ती आपलं खाणं काढून घेऊ शकते.

आता फेसवॉश. आधी एक गैरसमज बाजूला काढू. सोडियम लॉरिल सल्फेटही खोबरेल किंवा पाम कर्नल तेलातूनच येतं. फरक डोक्याचा आहे, शेपटी तीच. त्यामुळे 'नारळापासून' असं लेबलवर लिहिल्याने सौम्यपणा सिद्ध होत नाही. साधा साबण पूर्णपणे तेलाचाच, पण त्याचा पीएच ९ ते १० असतो आणि निरोगी त्वचेचा साधारण ५ च्या आसपास. कोरड्या त्वचेला साबण बऱ्याचदा नीट बनवलेल्या सल्फेटच्या फेसवॉशपेक्षा जास्त सोलवटतो. 'केमिकल-फ्री' तर लिहूच नका. तुम्ही स्वतः पोटॅश तोलता.

तुमचा फेसवॉश पातळ राहतो कारण तुम्ही जुन्या सवयीने त्यात मीठ घालत असणार. एसएलईएसमध्ये (सोडियम लॉरेथ सल्फेटमध्ये) मीठ गेलं की मायसेल गोल आकार सोडून लांब, अळीसारखे होतात, एकमेकांत अडकतात आणि द्रव घट्ट होतो. सल्फेट नसलेल्या फेसवॉशमध्ये बहुधा ग्लुटामेट असतं, आणि त्याचं डोकं मोठं असतं. त्याचे मायसेल सहसा गोलच राहतात, मीठ कितीही घाला. इथे तीन मार्ग आहेत. पीएच हळूहळू ५.५ च्या खाली आणला की घट्टपणा थोडा वाढतो, पण फार खाली गेलात तर कोकॉइल ग्लुटामेट गढूळ होऊन बाहेर पडायला लागतं. सोबत कोकामिडोप्रोपिल बीटेन घातलं तर मदत होते. आणि सर्वांत भरवशाचं म्हणजे १ ते २ टक्के पीईजी-१५० डायस्टिअरेट. याच्या दोन्ही टोकांना स्टिअरिकच्या शेपट्या आहेत. एक टोक एका मायसेलमध्ये रुततं, दुसरं शेजारच्या, आणि सगळं जोडलं जातं. झँथन गम चालतो, पण ओघळ चिकट येतो. मला चेहऱ्याच्या मालात तो आवडत नाही.

सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट हा दुसरा सल्फेट नसलेला सर्फॅक्टंट वापरायचा विचार असेल तर तो फेसवॉशपेक्षा वडीत जास्त शोभतो. अमेरिकेत १९५७ साली आलेली डव्हची वडी याच जातीच्या सर्फॅक्टंटवर उभी आहे. द्रवात तो थंडीत पुन्हा गोठतो. ठाण्यात थंडी कुठे असते, पण माल नाशिकला किंवा दिल्लीला गेला की बाटलीत तळाला दही झाल्याच्या तक्रारी येतात. शिवाय पीएच ५ च्या खाली किंवा ८ च्या वर त्याचा एस्टर तुटून फॅटी ॲसिड मोकळं होतं.

बीटेन घेताना स्वस्तात स्वस्त बघू नका. ते बनवताना डीएमएपीए नावाचं अमाइन लागतं, आणि ते किंवा मधला अमिडोअमाइन शिल्लक राहिला तर पापण्यांवर, मानेवर ॲलर्जी उठते. अमेरिकन काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००४ साली कोकामिडोप्रोपिल बीटेनला त्या वर्षीचा ॲलर्जेन ठरवलं, त्यामागे मुख्य संशय याच अशुद्धींवर होता. पुरवठादाराला मोकळ्या अमाइनचा आकडा विचारा. तो देत नसेल तर दुसरा पुरवठादार शोधा, अंबरनाथपासून तळोजापर्यंत आपल्या पट्ट्यात चांगले उत्पादक आहेत. आणि घट्टपणासाठी कोणी कोको डायइथेनॉलअमाइड सुचवलं तर नको म्हणा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला २बी गटात, म्हणजे 'माणसात कर्करोग होण्याची शक्यता' या गटात ठेवलं आहे. पर्याय असताना ते वापरायचं कारण नाही.

भाच्याचं म्हणणं खरं आहे. पॉलिसॉर्बेट ८०, म्हणजेच ट्वीन ८०, इंजेक्शनात, लशींत, डोळ्यांच्या थेंबांत असतं. पण तिथे त्याच्याकडून वेगळं काम घेतात. प्रतिपिंडांच्या औषधात ते फक्त ०.०१ ते ०.१ टक्के असतं, प्रथिनाचे रेणू काचेला आणि हवेच्या बुडबुड्याला चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून. तिथला डोकेदुखीचा विषय म्हणजे त्याची ओलेइक शेपटी. तिच्यातल्या दुहेरी बंधाला हवा लागली की पेरॉक्साइड तयार होतं आणि ते प्रथिनाला ऑक्सिडाइझ करतं. दुसरीकडे, पेशींमधून चुकून मागे राहिलेली लायपेजसारखी विकरं पॉलिसॉर्बेटचा एस्टर कापतात, मोकळं फॅटी ॲसिड साचतं आणि साठवणीत कुपीमध्ये कण तरंगताना दिसतात. फार्माकोपियाच्या (औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथाच्या) जुन्या व्याख्येत ओलेइकचं प्रमाण किमान ५८ टक्के असलं की पुरे. दोन उत्पादकांचा माल दोन्हीकडे पास होऊनही एक ६५ टक्क्यांचा, दुसरा ८५ टक्क्यांचा असू शकतो, आणि प्रथिन दोघांशी वेगळं वागतं. चीनच्या फार्माकोपियाने इंजेक्शनासाठी ९८ टक्क्यांची अट घातली. फार्मा ग्रेडची भरमसाठ किंमत या सगळ्यासाठी असते. तुमच्या क्रीमला याची गरज नाही. तुम्हाला हवा आहे तो चांगल्या उत्पादकाचा कॉस्मेटिक ग्रेड, ज्याच्या प्रमाणपत्रावर शिल्लक इथिलीन ऑक्साइड १ पीपीएमच्या आत आणि १,४-डायऑक्सेन १० पीपीएमच्या आत असल्याचं लिहिलेलं असेल. एवढं मागायचा तुम्हाला हक्क आहे.

औषधांत या कुटुंबाची दोन टोकं पाहायला मिळतात. एका टोकाला एरंडेलावर इथिलीन ऑक्साइड चढवून केलेलं पॉलिऑक्सिल ३५. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून हे त्यात घातलं. पण त्यानेच अनेक रुग्णांना तीव्र ॲलर्जी येते, सलाइनआधी स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि म्हणूनच २००५ साली अमेरिकेत अल्ब्युमिनवर बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल मंजूर झालं. दुसऱ्या टोकाला सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या पेप्टाइड औषधाची गोळी, २०१९ ची. तिच्यात ३०० मिलिग्रॅम सॅल्कॅप्रोझेट असतं, म्हणजे आठ कार्बनी फॅटी ॲसिडचंच रूप. पोटात पेप्टाइड शोषलं जावं ही सोय त्याने झाली, तरी औषधाचा सुमारे १ टक्काच रक्तात पोचतो. भाच्याला गोळ्यांमधल्या मॅग्नेशियम स्टिअरेटबद्दल विचारा. तोही धातूचा साबणच. वंगण म्हणून अर्धा-एक टक्का घालतात, पण ब्लेंडर पाच मिनिटं जास्त फिरला की त्याचा पातळ थर कणांवर बसतो आणि गोळी विरघळायला उशीर लावते.

तुमच्यासाठी औषधांकडून शिकण्यासारखी सर्वांत उपयोगी गोष्ट एक्झिमाच्या मलमांची आहे. ब्रिटिश ॲक्वियस क्रीममध्ये १ टक्का सोडियम लॉरिल सल्फेट असतं. लोक हे क्रीम त्वचेवर लावून ठेवायला वर्षानुवर्षं वापरत होते. २०१३ साली तिथल्या औषध नियामकाने सांगितलं की एक्झिमा असलेल्यांना, विशेषतः मुलांना, त्याने आग होऊ शकते. धुऊन टाकायच्या मालात चालणारा सर्फॅक्टंट लावून ठेवायच्या मालात चालतोच असं नाही. तुमच्या फेसवॉशमधलं काहीही क्रीममध्ये हलवताना हा फरक तपासा.

ग्लिसरीनबद्दल मात्र मी अजिबात सैल सोडणार नाही. तेल फोडून फॅटी ॲसिड काढतात तेव्हा हेच ग्लिसरीन बाजूला निघतं आणि तुमच्या क्रीममध्ये ते असणारच. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या औद्योगिक ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले, चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला. ग्लिसरीन नेहमी आयपी (इंडियन फार्माकोपिया) ग्रेडचं, मूळ सीलबंद पिंपात घ्या आणि प्रत्येक लॉट डायइथिलीन ग्लायकॉलसाठी तपासून घ्या. मलम असो वा क्रीम.

आता करायचं एवढंच. जुन्या व्यापाऱ्याचं स्टिअरिक थोडं मिळवा. जुनं आणि नवं स्टिअरिक, टँकरचं आणि डीएमचं पाणी, कोरफडीसह आणि कोरफडीविना, असे एक-एक किलोचे आठ छोटे नमुने करा. प्रत्येकाचा अर्धा भाग ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये आणि अर्धा खोलीत ठेवा. पहिल्या आठवड्यात सेंट्रिफ्यूज करून पाहा, जो फुटायचा तो बहुधा तेव्हाच फुटेल. उरलेले तीन महिने राहू द्या. जूनच्या सुरुवातीला ठेवलेत तर ऑगस्टअखेर निकाल हातात येईल, आणि दिवाळीच्या मालाची खरेदी त्यावरून करता येईल.